स्टार्टर की रिलीव्हर? बेसबॉल सिम्युलेशनमध्ये पिचर कसा पारखावा

बेसबॉलचा सिम्युलेशन गेम पहिल्यांदा उघडला की बहुतेक जण पिचरांची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांची, यादी काढतात आणि ती ईआरएनुसार लावतात. पिचरनं नऊ इनिंगमागे (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ तीन-तीन आउट होईपर्यंत एकेकदा फलंदाजी करतात) स्वतःच्या खात्यावर किती धावा दिल्या, तो आकडा म्हणजे ईआरए. जितका कमी तितका चांगला. अशा यादीत वर येतात ते जवळजवळ सगळे पन्नास-साठ इनिंग टाकलेले रिलीव्हर, म्हणजे सामन्याच्या मध्ये येऊन थोडा वेळ टाकणारे. सामना सुरू करणारा स्टार्टर शोधायला बरंच खाली जावं लागतं. मी पहिल्या मोसमात वरचे चार उचलले आणि संघाचे निम्मे पैसे त्यांच्यावर घातले. बुलपेन, म्हणजे रिलीव्हरांचा ताफा, झकास झालं, पण चौथ्या इनिंगपर्यंत आम्ही पाच धावांनी मागे असायचो आणि ते चौघं हरलेल्या सामन्यांच्या उरलेल्या इनिंग भरत बसायचे.

तेव्हापासून कोणताही पिचर समोर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा किती वेळ चांगला राहतो? किती चांगला आहे, हे त्यानंतर. पुढची सगळी पद्धत याच क्रमावर उभी आहे. आउट ऑफ द पार्क बेसबॉलसारखा संगणकावरचा गेम असो किंवा स्ट्रॅट-ओ-मॅटिकसारखा फासे आणि कार्डांचा, पद्धत दोन्हीकडे चालते.

पहिली पायरी: इनिंगचा हिशोब

मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल स्पर्धेचा, मोसम १६२ सामन्यांचा आणि सामना नऊ इनिंगचा. म्हणजे तुमच्या पिचरांना सगळे मिळून साधारण १,४५८ इनिंग टाकायच्या आहेत. पाच जणांचं रोटेशन लावलं, म्हणजे पाच स्टार्टरांना पाळीपाळीनं सामने दिले, तर प्रत्येक स्टार्टरच्या वाट्याला ३२-३३ सामने येतात. सामन्यामागे साडेपाच इनिंग धरल्या तरी एकटा स्टार्टर पावणेदोनशेच्या वर जातो. चांगला रिलीव्हर मोसमभरात साठ-सत्तर इनिंग टाकतो. तुलना करताना हा तिपटीचा फरक सारखा डोळ्यांसमोर ठेवायचा.

समजा दोन पिचर आहेत. ‘अ’ रिलीव्हर आहे, ईआरए ३.००, इनिंग ६०. ‘ब’ स्टार्टर आहे, ईआरए ४.००, इनिंग १८०. नुसत्या आकड्यावर ‘अ’ सरस दिसतो. आता विचारा, हा नसता तर त्याच्या जागी कोण आला असता? कुणालाही नको असलेला, सहज मिळणारा स्टार्टर समजा ५.२० च्या ईआरएचा आहे आणि तसाच रिलीव्हर ४.५० चा. रिलीव्हर कमी वेळ टाकतो, म्हणून सामान्य रिलीव्हरचा आकडाही सामान्य स्टार्टरपेक्षा बरा असतो. ‘ब’ दर नऊ इनिंगमागे १.२० धावा वाचवतो. १८० इनिंग म्हणजे असे वीस संच, म्हणून एकूण २४ धावा. ‘अ’ दीड धाव वाचवतो, पण त्याच्याकडे संच पावणेसातही नाहीत. त्याच्या हिशोबात १० धावा पडतात.

‘अ’च्या बाजूनं एक मुद्दा खरा आहे. तो अटीतटीच्या क्षणी येतो, आणि तिथं वाचवलेली धाव जास्त मोलाची असते. क्षणाचं हे मोल मोजायला लेव्हरेज इंडेक्स नावाचं माप आहे. सरासरी क्षण १ धरायचा आणि त्यापेक्षा जितका बाका प्रसंग तितका आकडा मोठा. ‘अ’च्या सगळ्या इनिंगला १.८ पट वजन दिलं तरी १० च्या १८ होतात. २४ अजून दूरच आहेत.

म्हणून माझा नियम असा: प्रत्येक पिचर आधी स्टार्टर म्हणूनच तपासायचा. तिथं तो टिकणार नाही असं ठोस कारण सापडलं तरच त्याला बुलपेनकडे वळवायचा. उलट क्रमानं गेलात तर चांगले स्टार्टर बुलपेनमध्ये वाया जातात.

दुसरी पायरी: तोच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आल्यावर

क्रिकेटमधून आलेल्या माणसाला इथं थोडा वेळ द्यावा लागतो. क्रिकेटच्या एका डावात आउट झालेला फलंदाज परत येत नाही. बेसबॉलमध्ये नऊ फलंदाजांची रांग सामनाभर फिरत राहते. पाचव्या-सहाव्या इनिंगला स्टार्टरसमोर तेच फलंदाज तिसऱ्यांदा उभे राहतात. त्यांनी त्याचा फास्टबॉल दोनदा पाहिलेला असतो, स्लायडर कुठून वळतो हेही त्यांना कळलेलं असतं. तिसऱ्या फेरीत फलंदाजांची कामगिरी सुधारते, हे मेजर लीगच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. रिलीव्हर बहुतेक फलंदाजांना सामन्यात एकदाच भेटतो. दोन भूमिकांमधला खरा फरक हाच, आणि स्टार्टर होण्याच्या सगळ्या अटी यातूनच निघतात.

पहिली अट चेंडूंच्या प्रकारांची. फास्टबॉल, स्लायडर, कर्व्हबॉल, चेंजअप, कटर, सिंकर, स्प्लिटर यांपैकी किमान तीन तरी उपयोगाचे हवेत. आउट ऑफ द पार्कमध्ये प्रत्येक प्रकाराला वेगळा गुण मिळतो. स्काउट लोकांच्या २० ते ८० च्या मापावर ५० म्हणजे सरासरी. पिचरकडे फास्टबॉल ७०, स्लायडर ६५ आणि चेंजअप ३० असेल तर तो तिसरा चेंडू कागदावरच आहे, त्याला मोजू नका. मी ४५ च्या खालचा तिसरा चेंडू धरत नाही. ही माझी स्वतःची रेघ आहे, गेमचा नियम नव्हे.

दुसरी अट स्टॅमिनाची. इथं नवखे लोक उलटी चूक करतात: स्टॅमिना भरपूर दिसला की स्टार्टर करून टाकतात. स्टॅमिना म्हणजे आत जायचा परवाना, गुणवत्तेची खूण त्यात नाही. ७० स्टॅमिना असलेला वाईट पिचर जास्त वेळ वाईट टाकतो, एवढंच.

तिसरी अट कंट्रोलची, आणि नवे खेळाडू हीच सर्वांत कमी लक्षात घेतात. वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून फलंदाजाला पहिल्या बेसवर फुकट जाऊ देणं) देणारा पिचर प्रत्येक फलंदाजावर जास्त चेंडू खर्च करतो. नव्वद चेंडूंत एक जण सहा इनिंग संपवतो, तर दुसरा चौथीतच अडकतो. दुसऱ्याचा स्टॅमिना पहिल्याइतकाच असला तरी बुलपेनला रोज दोन इनिंग जास्तीच्या काढाव्या लागतात आणि आठवडाभरात सगळे थकतात.

आता रेटिंगविषयी. आउट ऑफ द पार्कमध्ये पिचरचे मुख्य गुण तीन: स्टफ, मूव्हमेंट आणि कंट्रोल. स्टफवरून स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद करणं), मूव्हमेंटवरून होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) टाळण्याची ताकद आणि कंट्रोलवरून वॉक ठरतात. खेळाडूची भूमिका स्टार्टरवरून रिलीव्हर करून पाहा. बऱ्याच जणांचं स्टफ लगेच वाढलेलं दिसेल, कारण थोडा वेळ टाकणाऱ्याला जोर राखून ठेवावा लागत नाही आणि दोन प्रकारच्या चेंडूंवर काम भागतं. खऱ्या बेसबॉलमध्येही बुलपेनमध्ये गेलेल्याचे स्ट्राइकआउट वाढतात, वॉक मात्र साधारण तेवढेच राहतात. म्हणून बुलपेनमध्ये पाठवून कंट्रोल सुधारेल अशी आशा धरू नका. स्टफ कमी पडत असेल तर बुलपेन हा उपाय आहे, कंट्रोल कमी असेल तर बहुतेक वेळा नाही.

मारियानो रिव्हेरा हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. १९९५ मध्ये तो न्यूयॉर्क यांकीजकडून स्टार्टर म्हणून आला, दहा सामने सुरू केले आणि मोसमाअखेर त्याचा ईआरए होता ५.५१. पुढच्या वर्षी रिलीव्हर म्हणून त्यानं १०७ इनिंगहून जास्त मारा केला, १३० स्ट्राइकआउट घेतले आणि ईआरए २.०९ वर आणला. पुढे प्रामुख्यानं कटर या एकाच चेंडूवर त्यानं कारकिर्दीत ६५२ सेव्ह, म्हणजे आघाडी राखून सामने संपवल्याच्या नोंदी, मिळवले. उलट वाटही असते. क्रिस सेल २०१० आणि २०११ मध्ये बुलपेनमध्ये होता, २०१२ पासून तो पहिल्या दर्जाचा स्टार्टर झाला. गॅरेट क्रोशे २०२३ पर्यंत रिलीव्हर होता; २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनं त्याला रोटेशनमध्ये घेतलं आणि त्यानं १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट काढले. तुमच्या गेममध्ये तीन चांगले चेंडू आणि पुरेसा स्टॅमिना असलेला कुणी रिलीव्हर म्हणून नोंदलेला दिसला तर थांबा आणि नीट पाहा. संगणकाच्या ताब्यातले संघ असे खेळाडू कधीकधी स्वस्तात सोडतात.

तिसरी पायरी: ईआरए बाजूला, तीन गोष्टी पुढे

रिलीव्हरच्या साठ इनिंग म्हणजे फार छोटा नमुना. त्यात साधारण पावणेदोनशे चेंडू बॅटला लागून मैदानात जातात. त्यांतल्या पाच-सहांची दिशा वितभर बदलली तरी ईआरए ओळखू येणार नाही इतका बदलतो. २००१ मध्ये बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकेन यानं मांडलं की मैदानात गेलेल्या चेंडूचा हिट (फलंदाजाला बेस गाठून देणारा फटका) होणं किंवा न होणं यावर पिचरचा ताबा समजतो त्यापेक्षा फार कमी असतो. बराच वाटा क्षेत्ररक्षणाचा आणि नशिबाचा. त्याच्या हातात खरोखर असतात ते स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन. या तिघांवरून फिप हा आकडा काढतात. होमरनला १३ नं गुणा, वॉक आणि चेंडू अंगावर लागून दिलेले बेस यांच्या बेरजेला ३ नं, दोन्ही मिळवा, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करा, इनिंगनं भागा आणि सुमारे ३.१० मिळवा. उत्तर ईआरएच्याच मापात येतं.

दोन काल्पनिक रिलीव्हर घेऊ, दोघांच्या ६० इनिंग. पहिल्याचा ईआरए २.४०, पण स्ट्राइकआउट ४८, वॉक ३० आणि होमरन ४. दुसऱ्याचा ईआरए ४.२०, स्ट्राइकआउट ७५, वॉक १५ आणि होमरन ६. पहिल्याचा फिप ३.८७ निघतो, दुसऱ्याचा २.६५. लिलावात पहिल्यासाठी चढाओढ लागेल, तेव्हा तुम्ही दुसऱ्याला शांतपणे घ्या.

रोज एवढं गणित करायचा कंटाळा येत असेल तर शंभर फलंदाजांमागचे स्ट्राइकआउट आणि वॉक यांतला फरक पाहा. २०२० नंतरच्या मेजर लीगमध्ये सरासरी पिचर शंभरांमागे २२-२३ स्ट्राइकआउट घेतो आणि ८ च्या आसपास वॉक देतो. म्हणजे फरक १४-१५. स्टार्टरचा फरक २० च्या पुढे असेल तर तो सोडू नये. रिलीव्हरकडून मी थोडी जास्त अपेक्षा ठेवतो.

जिंकलेले-हरलेले सामने आणि सेव्ह या रकान्यांकडे पाहूच नका. सेव्ह म्हणजे आघाडी राखून सामना संपवल्याची नोंद. तीन धावांची आघाडी असताना शेवटची एक इनिंग पूर्ण टाकली तरी ती मिळते. ही संधी व्यवस्थापकानं द्यायची असते, त्यामुळे चाळीस सेव्हवाला पिचर त्या संघातला सर्वांत चांगला रिलीव्हर असेलच असं नाही. बाजारात मात्र त्याची किंमत चढलेली असते. तुमच्याकडे असा कुणी असेल तर विकायला हीच वेळ बरी.

जुन्या काळातले खेळाडू घेऊन खेळत असाल तर ईआरएला त्या वर्षाच्या सरासरीशेजारी ठेवल्याशिवाय हात लावू नका. बॉब गिब्सनचा १९६८ चा ईआरए १.१२ आहे, पेद्रो मार्टिनेझचा २००० चा १.७४. पण १९६८ मध्ये गिब्सनच्या नॅशनल लीगची (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) सरासरीच २.९९ होती. धावा इतक्या आटल्या होत्या की पुढच्या वर्षी पिचरच्या मातीच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली. पेद्रोच्या वर्षी अमेरिकन लीगची सरासरी होती ४.९१. सरासरीच्या तुलनेत पेद्रो वरचढ ठरतो. मग इनिंग पाहा: गिब्सन ३०४ हून जास्त, पेद्रो २१७. एकाच सामन्यासाठी मी पेद्रोला घेईन, अख्ख्या मोसमासाठी गिब्सनला.

डावा-उजवा आणि मैदान

डावखुरा पिचर डावखुऱ्या फलंदाजाला जास्त त्रास देतो, उजवा उजव्याला. सिंकर आणि स्लायडरवर जगणाऱ्यांमध्ये हा फरक मोठा असतो. चांगला चेंजअप असेल तर कमी होतो. स्टार्टरसमोर दोन्ही हातांचे फलंदाज येणारच, म्हणून त्याचे दोन्ही बाजूंचे आकडे तपासा आणि कमकुवत बाजूवरून निर्णय घ्या. फक्त डावखुऱ्यांसाठी ठेवलेल्या रिलीव्हरचं महत्त्व आता घटलं आहे. २०२० पासून मेजर लीगमध्ये आत आलेल्या पिचरला किमान तीन फलंदाजांना सामोरं जावं लागतं किंवा ती इनिंग संपवावी लागते. तुमच्या गेममध्ये हा नियम चालू आहे की नाही हे सेटिंगमध्ये आधी बघून घ्या. जुन्या मोसमात खेळत असाल तर तो नसेल आणि असा खास पिचर अजून उपयोगी पडेल.

घरचं मैदान डेन्व्हरच्या कूर्स फील्डसारखं विरळ हवेचं असेल तर होमरन टाळणारा, जमिनीलगत फटके मारायला लावणारा पिचर शोधा. अशा पिचरमागे इनफिल्डचं, म्हणजे बेसच्या आसपासचं, क्षेत्ररक्षण पक्कं लागतं.

कार्डांच्या खेळात

स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१ पासून चालू आहे. त्यात तीन फासे टाकतात. पहिला १ ते ३ पडला तर फलंदाजाच्या कार्डावर पाहायचं, ४ ते ६ पडला तर पिचरच्या. म्हणजे निम्मे निकाल पिचरच्या कार्डावर ठरतात. उरलेल्या दोन फाशांची बेरीज ओळ दाखवते, आणि नवखे चुकतात ते इथं: ते कार्डावर हिट किती वेळा लिहिलंय ते मोजतात. पण ७ ही बेरीज ३६ पैकी सहा प्रकारे येते, २ किंवा १२ फक्त एका प्रकारे. ७ समोर लिहिलेला एक हिट २ समोरच्या सहा हिटइतका महाग आहे. कागद घ्या आणि प्रत्येक ओळीला १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १ असं वजन द्या. तीन स्तंभ मिळून १०८ संधी होतात. त्यांतल्या किती हिट, किती वॉक आणि किती होमरन, हे लिहून काढा. अ‍ॅडव्हान्स्ड प्रकारात डाव्या आणि उजव्या फलंदाजांसाठी बाजू वेगळ्या असतात, तेव्हा दोन्ही मोजा. एका कार्डाला दहा मिनिटं लागतात, आणि ती लिलावाआधी खर्च करण्यासारखी आहेत.

कार्डावर भूमिकेपुढे कंसात एक आकडा असतो. पिचर साधारण कोणत्या इनिंगपर्यंत तग धरेल, हे तो सांगतो. थकल्यावर कार्डावरचे काही आउट हिटमध्ये बदलतात, म्हणून रिलीव्हरचं कार्ड कितीही सुंदर असलं तरी आकडा १ असेल तर त्याच्याकडून एकच इनिंग धरा.

बुलपेन लावताना

सध्याच्या मेजर लीगमध्ये २६ जणांच्या संघात जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. पाच स्टार्टर, आठ रिलीव्हर ही नेहमीची मांडणी. आठांतला सर्वांत चांगला पिचर क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकून सामना संपवणारा, व्हावा असं गेम सुचवतो. मला ते पटत नाही. नवव्या इनिंगला तीन धावांची आघाडी असणं फारसं धोक्याचं नाही; सातव्या इनिंगला बरोबरी असताना दोन फलंदाज बेसवर असणं आहे. आउट ऑफ द पार्कमध्ये अशा बाक्या क्षणांसाठी स्टॉपर नावाची भूमिका आहे. सर्वांत जास्त स्ट्राइकआउट घेणाऱ्याला तिथं ठेवा, कारण तेव्हा चेंडू बॅटला लागणंच परवडत नाही. क्लोजर दुसऱ्या क्रमांकाचा चालतो. वॉक फार देणाऱ्याला मात्र या दोन्ही जागांपासून दूर ठेवा, भरलेल्या बेसवर आणून वॉक दिला की धाव फुकट जाते.

स्टार्टरला कधी काढायचं याचा निर्णयही बुलपेन पाहूनच घ्यायचा. २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात टॅम्पा बे रेजचा ब्लेक स्नेल ५ इनिंग आणि १ आउट टाकून होता: चेंडू ७३, हिट फक्त दोन, स्ट्राइकआउट नऊ, आघाडी १-०. फलंदाजांची रांग तिसऱ्यांदा फिरायला आली म्हणून व्यवस्थापक केव्हिन कॅशनं त्याला काढलं आणि निक अँडरसनला आणलं. त्याच इनिंगमध्ये समोरचा संघ डॉजर्स पुढे गेले आणि ३-१ नं विजेते ठरले. तिसऱ्या फेरीचा नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण अँडरसन त्या मोसमाअखेरच्या सामन्यांत सतत धावा देत आला होता. तिसऱ्या फेरीतला स्नेल आणि त्या दिवशीचा अँडरसन, अशी तुलना व्हायला हवी होती. तुमच्या गेममध्ये ती करायची असेल तर पिचर बदलण्याआधी येणाऱ्याचा थकवा आणि गेल्या तीन दिवसांतले त्याचे चेंडू उघडून पाहा.

आठवी आणि शेवटची जागा बहुतेक जण उरलासुरला रिलीव्हर घालून भरतात. तिथं दुसऱ्या पायरीत थोडक्यात नापास झालेला स्टार्टर ठेवा: स्टॅमिना चांगला, कंट्रोल बरा, फक्त तिसरा चेंडू कच्चा. स्टार्टर दुसऱ्याच इनिंगला कोसळला की तो चार इनिंग काढून देतो आणि बाकीच्या सात जणांना विश्रांती मिळते. तो तरुण असेल तर त्या तिसऱ्या चेंडूच्या गुणावर महिन्यातून एकदा नजर टाका. आकडा ४५ च्या वर गेला की त्याला रोटेशनमध्ये पाच-सहा सामने द्या.